माझ्या वर्गमुळाची शेपटी

बुलढाण्याच्या बसस्थानकासमोरच्या पुस्तकांच्या गाड्यावर मला एका छापील पुस्तकात माझं स्वतःचं वर्गमूळ दिसलं. तेव्हापासून माझ्या डोक्यातली भणभण काही थांबलेली नाही.

स्वतःचं वर्गमूळ म्हणजे काय, ते सांगते. मोताळ्याला माझं टायपिंगचं दुकान आहे. त्याआधी मी बाजारात पोतं अंथरून वांगी आणि मेथी विकत होते, वयाच्या दहाव्या वर्षापासून. त्या कमाईतून टायपिंग शिकले आणि पुढे एक जुना संगणक घेतला. तालुक्यातल्या शाळांच्या प्रश्नपत्रिका माझ्याकडे येऊ लागल्या. मराठी, इतिहास, भूगोल सरळ टाइप व्हायचे. गणित व्हायचं नाही. आमच्या मराठी अक्षरांच्या सॉफ्टवेअरमध्ये अपूर्णांकाची रेघ नव्हती, मुळाचं चिन्ह नव्हतं, घाताचा वर चढवलेला आकडा ओळ मोडून टाकायचा. त्यावर आम्ही सगळ्या टायपिंगवाल्यांनी एकच उपाय काढला होता. चिन्हाच्या ठिकाणी मोकळी जागा सोडायची, कागद छापायचा, मग पट्टी आणि काळं पेन घेऊन हातानं चिन्हं भरायची आणि त्याच्या झेरॉक्स काढायच्या. जागा किती सोडायची, यातच कसब. कमी सोडली तर अपूर्णांक गुदमरतो, जास्त सोडली तर मुलं तिथंच उत्तर लिहितात.

झेरॉक्स मशीन वर्गमुळाच्या आडव्या रेघेचं टोक खायचं. मूळ कुठं संपलं ते मुलांना कळायचं नाही. म्हणून मी रेघेच्या शेवटी एक छोटी शेपटी खाली ओढायला लागले, जराशी डावीकडे वळलेली. दुसऱ्या कोणाची अशी शेपटी मी अजून पाहिलेली नाही.

गाड्यावरच्या त्या पुस्तकात पानोपानी तीच शेपटी होती. एका क्लासवाल्या सरांनी माझ्याकडून गणिताचा मोठा प्रश्नसंच तयार करून घेतला होता, क्लासच्या मुलांसाठी म्हणून. तो त्यांनी पुण्याला नेऊन जसाच्या तसा छापला. आतल्या पानावर सरांचं नाव होतं, मुद्रितं तपासणाऱ्याचं होतं, मुखपृष्ठावर त्रिकोण काढणाऱ्याचंही होतं. मी पुस्तक घेतलं आणि तशीच त्यांच्या घरी गेले.

"सर, हे माह्या हातचं आहे," मी म्हटलं.

"हो, टायपिंग तुमचंच आहे ना," सर म्हणाले. "टायपिस्टचं नाव कोणी टाकतं का, बाई?" आणि आतल्या खोलीत बसलेल्या पाहुण्याकडे बघून हसले. "माह्या हातचं, म्हणे."

मी भांडले. त्यांच्या दारात उभी राहून भांडले, शेजारचे बाहेर येईपर्यंत. पण बाजारात भांडताना समोरच्याला माल विकायचा असतो, म्हणून भांडणाला काही अर्थ असतो. सरांचा माल विकून झाला होता.

रागाच्या भरात मी साइट काढली. बुलढाण्याला एक संगणक दुरुस्तीवाला आहे, सगळे त्याला इंजिनीअरच म्हणतात. मी त्याची बिलबुकं टाइप करायची आणि त्यानं माझी साइट सांभाळायची, असा सौदा ठरला. लोक प्रश्न टाकतात, दुसरे उत्तरं देतात, असं तयार मिळणारं सॉफ्टवेअर त्यानं बसवलं. गणित, मराठीतून, फुकट. सरांचा प्रश्नसंच कोणी विकत घेऊ नये, एवढाच माझा हेतू होता. परोपकार वगैरे काही नव्हतं.

सभासद झाले ते बहुतेक कपाशीच्या घरातले. अळी न लागणारं बीटी बियाणं आलं तेव्हा या घरांत गाड्या आल्या होत्या, वरच्या खोल्या चढल्या होत्या. नंतर फवारणी वाढत गेली आणि वेचणी कमी होत गेली. मग प्रत्येक बाप पोरांना एकच सांगू लागला, नोकरीचं बघ. तलाठी, कृषिसेवक, पोलीस भरती, सगळ्यांना गणित लागतं. ही मंडळी फोनवरून प्रश्न टाकायची. चिन्हं नव्हतीच, म्हणून असं लिहायची: "वर्गमुळात क्ष अधिक चार, इथं मूळ संपलं, भागिले सगळ्याले तीन." मी दुकानात बसल्या बसल्या कागदावर गणित सोडवायची, चिन्हं हातानं काढायची, फोटो काढायची आणि टाकायची. प्रत्येक फोटोत माझी शेपटी. मला त्यात मजा वाटायची. इथून कोणी चोरलं तर जग ओळखेल, असं मी मनाशी म्हणायची.

काही सभासदांनी मागणी सुरू केली की साइटवर गणिताची खरी चिन्हं लिहिता यावीत. दुसऱ्या साइटींवर तशी सोय असते. डॉलरच्या दोन खुणांच्या मध्ये ठरावीक शब्द टाइप केले, की वाचणाऱ्याला छापील अपूर्णांक आणि मूळ दिसतं. इंजिनीअरलाही ते माहीत होतं. मीच टाळत होते. विचारलं की म्हणायची, साइट जड होईल, किंवा, खेड्यातल्या लोकांना ते शब्द कुठं येणार. खरं कारण वेगळं होतं. ज्याला त्याला मूळ काढता आलं, की माझ्या हाताला काय किंमत?

अक्षय तृतीयेच्या सुमारास एका बाईचा निरोप आला. धामणगाव बढ्याच्या बाजूच्या एका वस्तीवरची सून. लिहिलं होतं, "ताई, फोटो उघडत नाही. नुसता गोल फिरते. अक्षरात टाकाल का?"

त्या दिवशी कोणत्या तरी गिऱ्हाइकानं माझं डोकं फिरवलं होतं. मी उत्तर दिलं, "फोन बदला."

दोन शब्द. त्यानंतर तिनं परत विचारलं नाही आणि मी तो निरोप विसरले.

पोळा झाल्यावर एका बाजाराच्या दिवशी एक बाई दुकानात आली. हातात भेंडीची रिकामी टोपली, काखेत पिशवी. कृषिसेवकाचा अर्ज भरायचा होता. मी जन्मतारीख टाकली आणि थांबले. वयाच्या अटीत ती याच वर्षापुरती बसत होती.

"हा तुमचा शेवटचाच चान्स आहे," मी म्हटलं.

"माहीत आहे," ती म्हणाली. "घरीबी माहीत आहे. सासू म्हणते, यंदा नाही झालं तं पुस्तकं चुलीत घाल अन वेचणीले चाल."

"गणित कसं आहे?"

"तुमच्याच साइटवरून करून राह्यली, ताई." आणि तिनं पिशवीतून वही काढली.

दोनशे पानी वही, शिस्तीत लिहिलेली. प्रश्न, उत्तराची सुरुवात, आणि मग पेन्सिलीनं आखलेली रिकामी चौकट. पुढचा प्रश्न, परत चौकट. पानामागून पान चौकटी.

"ह्या काय खिडक्या काढल्या?"

"तुमचे फोटो येत नाही ना माह्या फोनवर. म्हणून जागा सोडली. उत्तर मोठं असन असं वाटलं तं मोठी जागा सोडली."

"मग भरणार कधी होत्या?"

"माहेरी गेली की भावाच्या फोनवर पाहून भरते. राखीले गेलती तं बावीस भरल्या." ती जरा हसली. "फोन बदलायचं म्हटलं तं तुम्ही, पण घरी फवारणीचा पंप बदलायचा होता."

म्हणजे ती हीच. मी वहीत मान घातली. चौकटी फार बरोबर अंतरानं सोडलेल्या होत्या, ना गुदमरणाऱ्या ना पसरट. माझ्या पहिल्या गणिताच्या पेपरात मी इतक्या नीट जागा सोडल्या नव्हत्या. मी काळं पेन घेतलं, पट्टी घेतली आणि भरायला बसले. दुकानात आलेल्या दोघातिघांना मी हाकललं. एक म्हणाला, "नुसती एक झेरॉक्स पाहिजे, बाई." मी म्हटलं, "समोर जा." समोरच्या दुकानात मी आजवर कोणाला पाठवलं नव्हतं.

बाजार उठेपर्यंत चाळीसएक चौकटी भरल्या. राहिलेल्या कितीतरी होत्या. तिचा नवरा बाहेर मोटारसायकलचा हॉर्न वाजवायला लागला.

"पेपर कधी आहे?"

"एकेचाळीस दिवस राह्यले."

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं मी बुलढाण्याला गेले. इंजिनीअर शटर वर करत होता.

"गणिताची चिन्हं बसवायची," मी म्हटलं. "किती दिवस?"

"आता काऊन घाई? दोन वर्षं मी म्हणून राह्यलो, तं तुम्हीच नाही म्हणत होत्या."

"किती दिवस?"

"दोन महिने धरा, ताई. जुन्या पोस्टा बिघडू नये म्हणून पाहावं लागते."

"आठ दिवस."

"ताई, हे वांगं नाही."

"वांगंच आहे. ताजं आहे तवर कामाचं." मी पायरी उतरून चालायला लागले. बाजारात हा माझा नेहमीचा डाव. चार पावलं जायचं, पाचव्याला हाक येते. सातव्या पावलाला हाक आली.

"दहा दिवस."

नवव्या दिवशी चिन्हं लागली. दुकानातल्या संगणकावर मी पहिलं गणित टाइप केलं. डॉलर, उलटी तिरकी रेघ, कंसांची महिरप, आत आकडे, परत डॉलर. बटण दाबलं तर काळ्याभोर रेघांचं वर्गमूळ समोर उभं. रेघ शेवटापर्यंत सरळ गेलेली. सुंदरच होतं. मी त्याच्याकडे बराच वेळ पाहत बसले, आणि मला ते आवडलं नाही.

दुपारी वस्तीवरून निरोप आला. "ताई, आता फोटोबी नाही अन अक्षरबी नाही. डॉलर दिसून राह्यले."

लगेच बाकीच्यांना ऊत आला. एकानं लिहिलं, "कापूस अमेरिकेले गेला वाटते, डॉलर आले." दुसऱ्यानं लिहिलं, "आपल्या वाट्याचे किती? क्विंटलमागे सांगा." ज्यांचे फोन जुने होते त्या सगळ्यांना डॉलरच दिसत होते.

फोनवर मी इंजिनीअरला जे बोलले ते इथं लिहीत नाही. त्यानं ऐकून घेतलं आणि मग समजावलं. चिन्हं काढायचं काम प्रत्येकाचा फोन करत होता. त्यासाठी फोनला आधी एक मोठी फाइल उतरवून घ्यावी लागत होती, आणि ती फाइल माझ्या फोटोपेक्षाही जड होती. कमजोर फोन अर्ध्यात हात टेकायचा आणि टाइप केलेलं कच्चंच दाखवायचा. उपाय असा होता की चिन्हं साइटच्याच मशीननं काढायची आणि फोनकडे फक्त तयार, हलका माल पाठवायचा.

"मग आधीच तसं काऊन नाही केलं?"

"तुम्ही दहा दिवस दिले ना. दहा दिवसांत हेच होते."

भाव पाडला की माल हलका मिळतो, हे मी बाजारात पोतं अंथरून शिकले होते आणि तरी पाडला होता.

त्यानं आणखी बारा दिवस घेतले. यावेळी मी घासाघीस केली नाही. फक्त म्हटलं की तपासायला दुकानात नाही बसायचं, माझ्यासोबत तिच्या शेतात यायचं. तिच्या शेतात फोनला रेंजची एकच काडी यायची, आणि दुपारची सुट्टी सोडून तिला अभ्यासाला वेळ नसायचा.

आम्ही गेलो तेव्हा वेचणी सुरू होती. ती आणि तिची सासू, दोघी कमरेला कापसाची ओटी बांधून ओळीत होत्या. ते गुलाबी बोंडअळीचं वर्ष. झाडं डोक्याएवढी, बोंडंही लागलेली, लांबून पाहिलं तर पीक उत्तम. तिनं एक न उमललेलं बोंड तोडलं आणि नखानं फोडून इंजिनीअरपुढे धरलं. आत गुलाबी अळी वळवळत होती आणि कापूस पिवळा, चिकटलेला.

"बीटी आहे ना ही?" त्यानं विचारलं.

"बियाण्याच्या पाकिटावर तं तसंच लिहिलं होतं," ती म्हणाली.

सासूनं ओटी सैल केली आणि आमच्याकडे पाहिलं. "तुम्ही कोन?"

"साइटवाले, आई," सून म्हणाली. "गणिताची चिन्हं माह्या फोनवर दिसते का, ते पाहाले आले."

"दोघं दोघं आले," सासू म्हणाली. "एका रेघेसाठी. अळी पाहाले अजून कोनी आलं नाही."

इंजिनीअर बांधाकडे पाहायला लागला. म्हातारी पुन्हा ओळीत शिरली.

सुनेनं हात पदराला पुसले आणि फोन काढला. काचेला तडा गेलेला. तिनं बांधावरच्या दगडावर चढून फोन वर धरला, कारण काडी तिथंच यायची. गोल फिरला. आम्ही तिघंही त्या गोलाकडे पाहत उभे. मग वरून एक ओळ उतरली, मग दुसरी, मग एक अपूर्णांक, खाली वर नीट बसलेला, आणि त्याच्या पोटात वर्गमूळ.

"आलं," ती म्हणाली. दगडावरून न उतरताच तिनं वाचायला सुरुवात केली, मोठ्यानं, शाळेतल्यासारखं. "वर्गमुळात एकशे चव्वेचाळीस अधिक पंचवीस..." आणि तोंडानंच मूळ काढलं, तेरा.

इंजिनीअर माझ्याकडे वळला. "झालं ना, ताई?"

"त्याले शेपटी नाही," मी म्हटलं.

"कशाले?"

"काही नाही. चाला."

परतीच्या गाडीत मी हिशेब मांडला, दिवसांचा. एकोणीस उरले होते. आणि चिन्हं लिहायची सोय झाली म्हणजे जुनी उत्तरं आपोआप बदलत नव्हती. माझे कितीतरी फोटो तसेच होते. प्रत्येक कागद कोणीतरी नव्यानं टाइप करायला हवा होता. मी दुकान अर्धा दिवस बंद ठेवून बसले. आणखी चार-पाच सभासद मदतीला आले. शेकडेवारी झाली, काळ-काम झालं, बीजगणित झालं. क्षेत्रफळ आणि घनफळ राहिलं. तिच्या पेपराच्या आदल्या संध्याकाळपर्यंत राहिलंच.

पेपराहून परतताना तिनं फोन केला. "चांगला गेला, ताई. क्षेत्रफळाचे चार मात्र कोरे सोडून आली."

मी म्हटलं, "बाकीच्यात निघन."

यादी लागली तेव्हा शेतांतून कपाशीची वाळलेली पऱ्हाटी उपटायला सुरुवात झाली होती. मी दुकानात यादी उघडली आणि बोट खाली नेत गेले. निवड झालेल्यांची रेघ जिथं संपत होती, त्या रेघेखाली तिचं नाव होतं. दोन गुणांनी राहिली होती.

अक्षय तृतीया ते पोळा. तेवढे महिने माझ्या दोन शब्दांखाली गेले. ते हातात असते तर क्षेत्रफळ काय, सगळा अभ्यासक्रम दोनदा टाइप झाला असता. मी हे तिला फोनवर सांगितलं. ती शिव्या देईल, निदान रडेल, अशी माझी तयारी होती. मला तेच हवं होतं, म्हणजे मला काहीतरी बोलता आलं असतं.

"जाऊ द्या, ताई," ती म्हणाली. "यंदाच पंप बिघडला, यंदाच अळी आली. तुमचं एकटीचं काय?"

मला त्या उत्तराचा राग आला. अजून येतो. सरांनी माझं नाव टाकलं नाही म्हणून मी इतकी वर्षं त्यांच्या नावानं बोटं मोडते आहे, आणि ही मला एका वाक्यात सोडून देते.

पुढच्या महिन्यात साइटवर क्षेत्रफळाची उत्तरं दिसायला लागली. रोज दुपारी दोन-तीन. माझ्या जुन्या फोटोंवरून कोणीतरी टाइप करून टाकत होतं, एकही कंस न चुकवता. तीच होती. प्रत्येक उत्तराखाली तिनं एक ओळ जोडली होती: "मोताळ्याच्या ताईंच्या हातच्या कागदावरून उतरवलं."

मी फोन केला. "ती ओळ काढ."

"काऊन?"

"काढ म्हटलं ना."

"नाही काढत, ताई. ज्याचं आहे त्याचं सांगावं लागते."

मी घासाघीस केली. म्हटलं, पहिल्या पानावर एकदा राहू दे, बाकीची काढ. नाही. म्हटलं, मग तुझंही नाव खाली टाक. म्हणाली, माझं काय, मी तं नुसतं टाइप केलं. त्या वाक्यावर मी फोन ठेवून दिला.

परवा बुलढाण्याला गेले होते, तेव्हा गाड्यावर सरांच्या पुस्तकाची नवी आवृत्ती दिसली. आतली वर्गमुळं आता संगणकावरची, सरळ रेघेची. माझी शेपटी गेली. आता मी कोणाच्या दारात उभी राहून काय दाखवणार? तिथंच गाड्यापाशी उभं राहून मी वस्तीवर फोन लावला.

"तुझी ती वही मले दे," मी म्हटलं. "मी भरलेल्या चौकटींची. दुसरी नवी घेऊन देते."

"नाही जमत, ताई," ती म्हणाली. "ननंदेले दिली. तिचा पेपर आहे यंदा. अजून बऱ्याच चौकटी रिकाम्या आहे म्हणते. बाजारच्या दिवशी तिले तुमच्याकडे पाठवू का?"

गाडेवाला विचारत होता, पुस्तक घेता की ठेवता. मी ते ठेवलं.

"पाठव," मी म्हटलं. "सकाळीच ये म्हणावं तिले. उशीर करू नको म्हणावं."